गव्याच्या पोटातला आवरदार

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ती फुलली त्या वर्षीचा भाद्रपद होता. गौरी-गणपती नुकतेच गेले होते आणि पावसानं उघडीप दिली होती. वर्ष आणि महिना ध्यानात ठेवा. कारवीचं काम पुढे आहे.

त्या भाद्रपदात, घाटमाथ्यावरच्या एका जंगलात एक गवा चरत होता.

मुलांनो, ही गव्याची गोष्ट आहे असं समजू नका. गव्याला या गोष्टीत काही काम नाही. तो राजा आहे. राजानं चरायचं, रवंथ करायचा आणि आपल्या पोटात काय चाललंय ते ठाऊक नसायचं. सगळे राजे असेच असतात.

गोष्ट त्याच्या पोटातली आहे.

त्याच्या पोटात आतडवाडी नावाचं गाव होतं. लांबच लांब गाव, जागोजागी वळणं. गावाला एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे वस्ती, पलीकडे गवताचा लगदा वाहायचा. गावाचं अन्न त्या भिंतीतूनच झिरपून येई, म्हणून भिंत जाड करता येत नव्हती. पातळच ठेवावी लागे. ती फुटली तर लगदा आत शिरणार, गाव सडणार, गवा मरणार, आणि गव्याबरोबर सगळे. एवढं कळलं की पुढची गोष्ट कळते. ज्याला कळलं नाही त्यानं हा भाग परत वाचावा.

गावात रखवालदार राहत. डॉक्टर त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. आपण रखवालदारच म्हणू.

रखवालदार हाडांच्या पोकळीत जन्माला येत. त्यांतल्या काहींना गळ्याखालच्या एका शाळेत धाडत. शाळेत धडा एकच, आपला कोण आणि परका कोण. ज्याला तो धडा येत नसे तो शाळेतून बाहेर येत नसे. कधीच नाही. त्यामुळे नापास झालेला रखवालदार गावात कुणी पाहिला नव्हता आणि शाळेचा निकाल दरवर्षी उत्तम लागे.

शत्रू आला की रखवालदार आग लावत. गवताच्या चुडी पेटवून त्याच्यावर धावून जात. शत्रू बहुतेक वेळा जळे. पण आगीला आपला-परका कळत नाही. ती शाळेत गेलेली नसते. शत्रू जळाल्यावर ती भिंतीला लागे.

म्हणून गावात एक जुनं वतन होतं, आवरदाराचं. ते म्हाळोजीकडे होतं.

आवरदाराकडे हत्यार नसे. एक जाड काळी घोंगडी असे. गावची रीत अशी की आधी आवरदारानं घोंगडी भिजवायची, मगच इतरांनी चूड पेटवायची. घोंगडी कोरडी असेल तर चूड पेटवणं पाप. लढाई सुरू झाली की सगळे शत्रूकडे बघत. म्हाळोजी एकटा भिंतीकडे बघे. भिंत तांबूस झाली की तो पुढे येई, आगीवर घोंगडी टाकी आणि म्हणे, "पुरे."

एकदाच म्हणे. मोठ्यानं नाही. पण सगळ्यांचे हात खाली येत.

म्हाळोजी म्हातारा होता, ताठ होता. कुणाकडे काही मागत नसे. "जरा सरका" हे शब्दसुद्धा त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. तो येई आणि लोक सरकत.

लढाई संपली की सत्कार होई. शाल आणि नारळ, ज्यानं चूड पेटवली त्याला. ज्यानं विझवली त्याला ओली घोंगडी वाळत घालायलाही कुणी जागा देत नसे. म्हाळोजीनं ती कधी मागितली नाही.

आता शत्रूचं ऐका.

सात वर्षांपूर्वी, मागची कारवी फुलली होती तेव्हा, दवानं भिजलेल्या गवताबरोबर एक जंत गव्याच्या पोटात आला. आला तेव्हा डोळ्याला दिसेना. मग वाढला. त्याचं नाव लांबाजी. मोठ्या वळणापाशी त्यानं भिंतीत दात रोवले आणि तिथेच बसला.

तेव्हा मोठी लढाई झाली. चुडी पेटल्या. लांबाजी अर्धा होरपळला. पण भिंतही तांबूस झाली, मग लाल झाली. म्हाळोजीनं घोंगडी टाकली. "पुरे."

लांबाजी जिवंत राहिला. गाव जिवंत राहिलं. मग तह झाला. लांबाजीनं मोठ्या वळणातून हलायचं नाही. दिवसाला एकच घास घ्यायचा. पोरंबाळं गावात वाढवायची नाहीत, अंडी शेणाबरोबर बाहेर धाडायची. रखवालदारांनी त्याच्यासमोर पहारा बसवायचा, पण चूड पेटवायची नाही. बघत बसायचं. बघत बसणं हेही काम आहे. ते करणाऱ्याचे हात रिकामे राहत नाहीत.

लांबाजी गोड बोलायचा. आवाज बारीक आणि चिकट. पहाऱ्यावर कुणी नवा आला की म्हणायचा, "पाव्हणं, जरा सरकून घ्या की." दात भिंतीत आणि बोलणं असं. सगळ्या गावाला ते वाक्य पाठ झालं होतं. पोरं त्याची नक्कल करत.

अशी सात वर्षं गेली.

मग रखवालदारांचा नवा नाईक आला. रायाजी तांबडे. अंगानं तांबडा, डोक्याला तांबडा पटका, कमरेला तेजाबाच्या पिशव्या. लढायला उतावीळ. त्यानं गावभर फलक लावले. फलकावर स्वतःचं चित्र मोठं काढलं, लांबाजीचं लहान, आणि खाली लिहिलं, 'जंतमुक्त आतडवाडी'.

एक दिवस तो म्हाळोजीकडे आला.

"काका, ह्या लांबाजीला किती दिवस पोसायचं?"

"पोसत न्हाई. बसू देतोय."

"आपला घास खातो तो."

"एक घास खातो. तुझ्या सत्काराच्या जेवणात किती घास गेले?"

रायाजीचा चेहरा मुळातच तांबडा. त्यामुळे राग आला की नाही ते कळलं नाही.

"मग आम्ही लढायचं कधी?"

"भिंत सांगंल तेव्हा."

"भिंत बोलती व्हय?"

"तू तिच्याकडं कधी बघितलंयस?"

रायाजी पटका सावरत निघून गेला. त्यानं भिंतीकडे बघितलं नाही. पण निरोप मात्र धाडला.

त्या गावात निरोप रक्तातून वाहत येत. आलेला निरोप समजून घ्यायचा नाही, दहा जणांना पुढे द्यायचा, अशी रीत पडली होती. जो देणार नाही त्याला गावाची काळजी नाही असं धरत. रायाजीचा निरोप होता, 'लांबाजी भिंत पोखरणार आहे.' गळ्यापर्यंत पोचेतो त्याचं झालं, 'लांबाजीनं भिंत पोखरली.' परत आतड्यात आला तेव्हा, 'भिंत पडली.' भिंतीला टेकून बसलेल्या लोकांनीही तो पुढे दिला.

मग रायाजीनं चार गडी घेतले आणि म्हाळोजीला न सांगता मोठ्या वळणाकडे निघाला. घोंगडी भिजली नव्हती. तरी चूड पेटली.

चूड लांबाजीपासून हातभर दूर असेल. एवढ्यात अंधारातून शांत आवाज आला.

"पुरे."

चौघांचे हात सवयीनं खाली आले. चूड ओल्या जमिनीवर पडून विझली. रायाजीनं वळून बघितलं. म्हाळोजी कुठेच नव्हता. तो त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला जेवायला बसला होता.

असंच पुन्हा झालं. मग आणखी एकदा. मग चावडीवर सभा भरली.

सभेत पहिली बोलली भिवराक्का. ही घशाच्या वेशीवर बसायची. तिच्याजवळ खाजकुइलीची पोती असत. जरा खुट्ट झालं की ती एक पोतं फोडायची, मग सगळं गाव अंग खाजवत जागं व्हायचं. तिच्या मते यालाच राखण म्हणतात.

"आवाज ह्यांचाच!" ती म्हणाली. "मी वेशीवर ऐकला. भावजी, तुम्ही त्या जंताला मिळालाय."

"मी म्हटलं न्हाई," म्हाळोजी म्हणाला.

"मग कोण म्हटलं?"

सभा दुसऱ्या दिवसावर गेली.

म्हाळोजी तडक मोठ्या वळणावर गेला. घोंगडी खांद्यावर होती.

"पाव्हणं, जरा सरकून घ्या..." लांबाजीनं सवयीनं सुरुवात केली. मग त्याला दिसलं कोण आलंय ते. "अवो, आबा तुम्ही! तुम्ही न्हाई सरकायचं. मीच सरकतो."

"माझा आवाज कुणी काढला?"

"मी."

हा नाही म्हणेल असं म्हाळोजीला वाटलं होतं. नाही म्हटल्यावर काय करायचं ते ठरवून आला होता. हो म्हटल्यावर काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

"कधी शिकलास?"

"सात वर्षं ऐकतोय, आबा. एकच शब्द तुमचा. त्याला किती दिवस लागत्यात?"

"म्हणून दाखव."

लांबाजीनं घसा साफ केला. "पुरे."

म्हाळोजीचा हात आपोआप खाली आला. आपल्याच आवाजाला आपणच थांबलो हे त्याला फार लागलं.

"लाज न्हाई वाटत?"

"वाटली असती तर जंत झालो असतो व्हय? तुमच्या आवाजात म्हटलं की लोक ऐकत्यात. माझ्या आवाजात कोण ऐकतो?" लांबाजी जरा सरकला. "हिकडं बघा, आबा. सात वर्षं दात रोवून बसलोय. भिंत किती पातळ झालीय बघा. हितं चूड आली तर मी जाईन, ते जाऊ द्या. माझ्यामागनं तुमचं गाव जाईल. मी तुमचंच काम केलं. तुम्हाला न विचारता केलं, एवढंच."

मुलांनो, म्हाळोजीला राग कशाचा आला सांगू? आवाज चोरला याचा नाही. 'पुरे' अगदी बरोबर वेळेला म्हटलं, याचा.

"आवाज परत दे."

"आवाज कसा परत द्यायचा? उसना घेतला म्हणा. फेडीन."

"जंत कशानं फेडणार?"

"ते मला तरी कुठं ठावं हाय! जन्मात घेतलेलं कधी फेडलं न्हाई. एकदा फेडून बघायची हौस हाय, एवढं खरं."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. रायाजी मधोमध बसला होता.

"म्हाळोजीकाका, सरळ सांगा. आवाज कुणाचा?"

म्हाळोजीला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर सगळे त्याच घडीला चुडी घेऊन मोठ्या वळणावर गेले असते, तिथेच भिंत सर्वांत पातळ. म्हणून तो बोलला नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण एका जंतानं आपली हुबेहूब नक्कल केली आणि गाव फसलं, हे चारचौघांत सांगायची त्याची जीभ वळली नाही, हेही खरं होतं.

"माझं सांगून झालंय," तो म्हणाला.

सभेनं ठराव केले. आवरदाराचं वतन बंद. म्हाळोजीला पाणथरीत धाडायचं. पाणथरी म्हणजे म्हाताऱ्या, झिजलेल्या पेशी मोडीत काढायची जागा. तिथे गेलेला परत येत नाही. घोंगडी वाळवून व्यासपीठावर अंथरायची, पाहुण्यांच्या पायाला गार लागू नये म्हणून. आणि शेवटचा ठराव असा की यापुढे 'पुरे' हा शब्द शत्रूचा समजावा. तो कानावर आला की आग दुप्पट करावी.

"आधी भिंतीकडं बघा, मग ठराव करा," म्हाळोजी म्हणाला.

"बघितलं असतं," रायाजी म्हणाला, "पण भिंत पडलीय असा निरोप आलाय. पडलेल्या भिंतीकडं काय बघायचं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाणथरीत नेण्याआधी म्हाळोजीला मोठ्या वळणापाशी उभं केलं. त्यानं विजय बघावा, असं रायाजीला वाटत होतं. एका वेळी एवढ्या चुडी गावानं कधी पेटवल्या नव्हत्या. तेजाबाच्या पिशव्या फुटल्या. भिंतीनं घाबरून चिकट पाण्याचे लोट सोडले. सगळं आतडं पिळून निघालं. बाहेर गव्यानं चरणं सोडलं आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, काल खाल्लेला पाला वाईट होता.

लांबाजीनं शेवटचा उपाय केला. म्हाळोजीच्या आवाजात म्हणाला, "पुरे!"

आग दुप्पट झाली.

त्याचे दात सुटले. पाण्याच्या लोटात तो वाहत चालला. जाता जाता त्याला गर्दीत म्हाळोजी दिसला. तेव्हा तो आपल्या बारीक आवाजात ओरडला, "आबा, तुमचं उसनं राहिलं हो!"

मग गव्यानं शेण टाकलं, आणि त्यात लांबाजी गेला.

सत्कार थाटात झाला. रायाजी म्हाळोजीच्या घोंगडीवर उभा राहून बोलला. फार वेळ बोलला. कुणालाच त्याला थांबवता येईना. थांबवायचा शब्द ठरावात बंद होता.

त्याच कारणानं आगही विझेना. जिथे तिथे चुडी धुमसत होत्या. हातात चूड आणि समोर कुणी नाही, अशी रखवालदारांची गत झाली. सात वर्षं ते लांबाजीकडे बघत बसले होते. आता कुणाकडे बघायचं? माणूस असो की रखवालदार, पेटलेली चूड हातात घेऊन फार वेळ शहाण्यासारखा उभा राहत नाही.

आणि घाटमाथ्यावर कारवी फुलली होती.

सगळी उतरण जांभळी झाली होती. गवा तिथे कड्याच्या काठानं चरत होता. वारा आला आणि कारवीच्या फुलांची पिवळी भुकटी त्याच्या नाकात गेली.

गावात नरसू नावाचा दवंडीवाला होता. त्याला हात फार. जो दिसेल त्याचा एक तुकडा मोडून आणायचा आणि गावाला दाखवत फिरायचा. त्यानं त्या भुकटीचा एक कण धरून वेशीवर आणला. कण गोल होता, पिवळा होता, अंगावर बारीक काटे होते.

"हा कोण?" भिवराक्कानं विचारलं.

"अवो, मी फुलाचा," कण म्हणाला. "वाट चुकलो. जातो."

"सगळे असंच म्हणत्यात!"

"काटे बघा त्याचे," रायाजी म्हणाला. "सरळमार्गी जिवाला काटे कशाला?"

"लांबाजीचाच असंल," नरसू म्हणाला.

"लांबाजी लांब होता. हा गोल हाय."

"गुंडाळून बसला असंल!"

हे सगळ्यांना पटलं. भिवराक्कानं एक पोतं फोडलं. मग दुसरं. मग तिला आवरणारं कुणी नव्हतं म्हणून सगळी फोडली. निरोप सुटले. गावातला, हाडातला, पाणथरीतला, जिथला असेल तिथला प्रत्येक रखवालदार चूड घेऊन घशाकडे धावला.

गव्याला शिंक आली. मग शिंकांवर शिंका. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पापण्या सुजून डोळे मिटले. अंगाला खाज सुटली. घसा आतून सुजून वाट अरुंद झाली आणि श्वासाची शिट्टी वाजू लागली. आंधळ्यासारखा तो पाय टाकू लागला. कडा समोरच होता.

त्या वेळी म्हाळोजी पाणथरीच्या दारात रांगेत बसला होता. त्याच्यापुढे एक म्हातारी तांबडी पेशी होती. ती आत गेली. आतून हाक आली, "फुडचा!"

पुढचा म्हाळोजीच होता. तो उठला. पटका झटकला. ताठ मानेनं दारापर्यंत गेला. एवढ्यात मोड करणारा गडी हातातलं काम टाकून त्याच्या अंगावरूनच धावत बाहेर गेला. घशाकडे लढाई लागली होती. पाणथरी रिकामी झाली.

जमीन एका अंगाला कलत होती. गवा झोकांड्या खात होता. म्हाळोजीला सगळं कळलं. लढाई कुणाशी आहे ते नाही कळलं, पण कुणी थांबवणारा नाही, हे कळलं. त्याला तेवढं पुरे होतं.

घशाकडे जाऊन 'पुरे' म्हणावं? आग दुप्पट होईल. घसा मिटेल. आपला आवाज आता आपल्या कामाचा राहिला नाही. तो शब्द जंतानं वापरून झिजवला होता आणि गावानं ठराव करून मारला होता.

तो उलट्या दिशेनं निघाला. चावडीवर कुणी नव्हतं. व्यासपीठावर घोंगडी होती, तिच्यावर नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. त्या त्यानं झटकल्या. घोंगडी पाण्यात बुडवली. खांद्यावर टाकली. आधी घोंगडी भिजवायची, ही रीत त्यानं तेवढ्या घाईतही मोडली नाही.

मोठ्या वळणात लांबाजीचा खळगा रिकामा होता. म्हाळोजी त्यात उतरला आणि बसला.

आता बोलायचं होतं.

तोंड उघडलं. "सरका," तो म्हणाला. ती आज्ञा झाली. जंत आज्ञा करत नसतो. कुणाचंही लक्ष गेलं नाही. जमीन आणखी कलली.

पुन्हा तोंड उघडलं. जन्मभरात त्यानं कुणाला कशासाठी विनवलं नव्हतं. लांबाजीला हे रोज कसं जमत होतं? फुकटचा घास खाणाऱ्याला किती वाकावं लागत असेल! त्यानं डोळे मिटले. मान खाली घातली. आवाज बारीक केला. चिकट केला.

"पाव्हणं," म्हाळोजी म्हणाला, "जरा सरकून घ्या की."

वळणावळणातून तो आवाज घशापर्यंत गेला.

घशात सगळे थबकले. चुडी वर होत्या त्या तशाच राहिल्या.

"त्यो मेला जंत!" भिवराक्का किंचाळली. "परत आला!" आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की तिलाच नवल वाटलं.

"मोठ्या वळणाला!" रायाजी ओरडला.

सगळं गाव धावत सुटलं. पिवळा कण तिथेच राहिला. कुणी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. तो आला तसा गव्याच्या शिंकेबरोबर बाहेर गेला.

मोठ्या वळणाशी रायाजीनं सगळ्यांना थांबवलं आणि चूड घेऊन एकटा आत शिरला. पहिला मान त्याला हवा होता. खळग्यात ओल्या घोंगडीखाली कुणीतरी बसलं होतं. त्यानं घोंगडीचं टोक उचललं.

आत म्हाळोजी.

रायाजीच्या चुडीचा उजेड मागच्या भिंतीवर पडला होता. भिंत इतकी पातळ झाली होती की पलीकडून वाहणारं गवत काडी-काडीनं दिसत होतं. चूड वीतभर पुढे गेली असती तर काही उरलं नसतं.

रायाजीनं भिंतीकडे पहिल्यांदा बघितलं.

"सापडला का?" बाहेरून भिवराक्कानं विचारलं.

रायाजी पेचात पडला. नाही म्हणावं, तर गाव परत घशाकडे पळणार. हो म्हणावं, तर कोण सापडलं ते दाखवावं लागणार.

"काका," तो हळूच म्हणाला, "काय सांगू?"

"चूड खाली ठेव. मग सांग."

रायाजीनं चूड खाली ठेवली. म्हाळोजीनं तिच्यावर घोंगडी टाकली. चर्र झालं. 'पुरे' तो म्हणाला नाही. ठराव होता.

रायाजी बाहेर आला. "हाय," त्यानं गावाला सांगितलं. "मोठा हाय. भारी हाय. पण पेटवायचं न्हाई. चुडी विझवा आणि समोर बसा. नुसतं बघायचं."

"किती दिवस?" नरसूनं विचारलं.

"मी सांगीन तोवर."

लोकांनी चुडी विझवल्या आणि बसले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या जिवाला बरं वाटलं. समोर शत्रू होता.

बाहेर गव्याचा घसा मोकळा झाला. डोळे उघडले. कडा एका पावलावर होता. गव्यानं त्याच्याकडे बघितलं, मागे फिरला आणि कारवीचा एक घास घेतला. राजाला काही कळलं नाही.

त्या दिवसापासून दररोज संध्याकाळी मोठ्या वळणातून एक बारीक, चिकट आवाज येतो. पहारा सावध होतो आणि मग निवांत बसतो. रायाजीचा त्या विजयाबद्दल पुन्हा सत्कार झाला. शाल त्यानं चोरून म्हाळोजीकडे धाडली. म्हाळोजीनं परत केली. घोंगडी वाळत घालायला जागा मात्र मागून घेतली. आता त्याला मागता येत होतं.

पहिल्या संध्याकाळी आवाज काढून झाल्यावर म्हाळोजी भिंतीपाशी गेला. पलीकडे लगदा वाहत होता, लांबाजी गेला त्या दिशेनं.

"लांबाजी," तो आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, "फिटलं."

तात्पर्य: 'पुरे' म्हणणारा शत्रूला मिळालेला असतो, त्याला वेळीच हाकलावं. शत्रू मात्र जपून ठेवावा. दोघंही एकदम गेले तर फुलांशी लढावं लागतं.